ट्रेडमार्कचं उल्लंघन: दोन अक्षरं बदलली म्हणून कोणी सुटत नाही

‘आमचं नाव चोरलं’ ही तक्रार मुंबईच्या बाजारात रोजची. मसाल्याच्या पाकिटापासून मोबाईलच्या कव्हरपर्यंत कुठलाही धंदा घ्या. गंमत अशी की तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची केस कायद्याच्या अर्थाने उल्लंघनात बसतच नाही, आणि ‘मी स्पेलिंग बदललंय, रंगही वेगळा घेतलाय’ म्हणून निर्धास्त बसलेले मात्र अलगद सापडतात. दोघांचाही घोटाळा एकाच ठिकाणी होतो. ते दोन पाकिटं टेबलावर शेजारी शेजारी ठेवतात आणि फरक मोजत बसतात. कोर्ट तसं मोजत नाही.

कायदा आहे ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट, 1999. त्याचा अंमल 15 सप्टेंबर 2003 पासून सुरू झाला. उल्लंघनाचा मजकूर कलम 29 मध्ये आहे. त्याची पोटकलमं नऊ, आणि प्रत्येकाची अट निराळी. म्हणून नोटिशीत नुसतं ‘कलम 29 चा भंग’ असं लिहून पाठवणाऱ्या वकिलाला आधी विचारावं, कुठल्या पोटकलमाचा?

पुढचं सगळं एका काल्पनिक उदाहरणावर बघू. दादरच्या एका गृहउद्योगाने ‘सुरंगी’ नावाने कोकम सरबत काढलं आणि वर्ग 32 मध्ये नाव नोंदवलं. नोंदणीसाठी मालाचे वर्ग पाडलेले असतात; वर्ग 32 म्हणजे सरबतं, सोडा, पाणी वगैरे. दोन वर्षांनी लालबागच्या एका कारखानदाराने ‘सारंगी’ नावाने कोकम सरबतच बाजारात आणलं. हे उल्लंघन आहे का?

आधी नोंदणी, मग उल्लंघन

पहिला प्रश्न नोंदणीचा. नाव नोंदलेलं नसेल तर कलम 27 सरळ सांगतं की उल्लंघनाचा दावा चालणार नाही. अर्ज केला आहे, नंबर मिळाला आहे, नावापुढे ‘टीएम’ लावलं आहे, यातलं काहीही नोंदणी नव्हे. एकदा नोंदणी झाली की ती कलम 23 नुसार अर्जाच्या तारखेपासून धरतात हे खरं, पण उल्लंघनाचा दावा उभा राहतो तो सर्टिफिकेट हातात आल्यावर. गोलातला ‘आर’ तोपर्यंत छापायचा नाही. नोंदणी नसताना तो छापणं हे कलम 107 खाली स्वतंत्रपणे महागात पडतं.

नोंदणी नाही म्हणजे हातावर हात धरून बसायचं असंही नाही. ‘पासिंग ऑफ’चा दावा करता येतो, पण त्यात तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: त्या नावाला बाजारात पत आहे, समोरच्याने आपला माल तुमचा असल्याचा भास निर्माण केला, आणि त्यातून तुमचं नुकसान झालं किंवा होण्याचा संभव आहे. या दोन दाव्यांतला फरक सुप्रीम कोर्टाने 1964 मध्ये नवरत्न फार्मास्युटिकलच्या खटल्यात फार स्वच्छ मांडला आहे. उल्लंघनाच्या दाव्यात नोंदलेल्या चिन्हाचा गाभा उचलला आहे असं एकदा ठरलं, की पाकिटाची मांडणी वेगळी, किंमत वेगळी, उत्पादकाचं नाव ठळक छापलंय, यातलं काहीही प्रतिवादीला वाचवत नाही. पासिंग ऑफमध्ये मात्र हेच मुद्दे त्याला सोडवू शकतात. नोंदणीचा खरा फायदा हा आहे, आणि नोंदणीची फी भरताना तो कोणी सांगत नाही.

फी किती? ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला 4,500 रुपये, बाकीच्यांना 9,000. नोंदणी 10 वर्षांची, मग नूतनीकरण. मुंबईच्या माणसाला यासाठी दिल्लीला जावं लागत नाही. ट्रेडमार्क रजिस्ट्रीचं मुख्यालयच अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे.

इथे एक हमखास चूक होते. लोक लोगोचं अख्खं लेबल नोंदवतात आणि त्यातला प्रत्येक शब्द आपल्या मालकीचा झाला असं धरून चालतात. कलम 17 नुसार हक्क मिळतो तो चिन्हाच्या अखंड स्वरूपावर. लेबलवर ‘सुरंगी – अस्सल मालवणी कोकम’ असं छापलं असेल तर ‘अस्सल’, ‘मालवणी’ आणि ‘कोकम’ यांवर तुमचा मक्ता तयार होत नाही. लेबलातला ठसठशीत भाग म्हणून ‘सुरंगी’ला संरक्षण मिळू शकतं, पण त्यासाठी वाद घालावा लागतो. नुसता शब्द वेगळा नोंदवला असता तर तो वाद वाचला असता. पैसे एकाच अर्जापुरते असतील तर आधी शब्द नोंदवावा, लोगो नंतर.

वापर कशाला म्हणायचं

उल्लंघनासाठी चिन्हाचा वापर व्यापाराच्या ओघात व्हायला हवा, आणि ग्राहक त्याकडे ट्रेडमार्क म्हणून बघेल अशा रीतीने व्हायला हवा. घरच्या हळदीकुंकवात कोणी सरबताच्या भांड्यावर ‘सुरंगी’ लिहिलं तर तो व्यापार नव्हे.

पण व्यापार आला की ‘वापर’ फार पसरट होतो. कलम 29(6) प्रमाणे मालावर किंवा वेष्टनावर चिन्ह लावणं हा वापर. विक्रीला मांडणं वापर, विक्रीसाठी गोदामात साठवणंही वापर. आयात, निर्यात, लेटरहेड, बिलबुक, जाहिरात, सगळं त्यात आलं. ‘अजून एकही पाकीट विकलेलं नाही’ हा बचाव म्हणून कामाचा नाही. कलम 29(9) तर म्हणतं की चिन्हात शब्द असतील तर ते नुसते बोलूनही उल्लंघन होऊ शकतं. काउंटरवर ग्राहकाने ‘सुरंगी आहे का?’ विचारलं आणि विक्रेत्याने ‘हो, हेच ते’ म्हणत सारंगीची बाटली पुढे सरकवली, की तोंडी वापर झाला.

अब्दुल रहमान स्ट्रीटपासून भिवंडीपर्यंत लेबलं, खोकी आणि पाऊच छापणाऱ्या प्रत्येकाने कलम 29(7) माहीत करून घ्यायला हवं. चिन्ह वापरायची परवानगी गिऱ्हाइकाकडे नाही हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला सबळ कारण असताना, जो छापून देतो तोही उल्लंघनात सामील. प्रसिद्ध साबणाची 10,000 खोकी छापायला एखादा अनोळखी माणूस रोख पैसे घेऊन येतो, बिल नको म्हणतो, तेव्हा ‘मला काय ठाऊक’ हे उत्तर कोर्टात टिकायला कठीण. ऑर्डर घेताना गिऱ्हाइकाकडून ट्रेडमार्क सर्टिफिकेटची प्रत आणि चिन्ह आपलं असल्याचं सहीचं पत्र घेऊन फाइलला लावावं. दहा मिनिटांचं काम आहे.

साम्य कसं जोखतात

आता मुख्य गाभा. नाव तंतोतंत तेच आणि मालही तोच असेल तर कलम 29(3) प्रमाणे ग्राहकाचा गोंधळ होणारच असं कोर्ट गृहीत धरतं, पुरावा मागत नाही. प्रश्न येतो तो ‘जवळपास सारख्या’ नावांचा. कायद्यात याला फसवं साम्य म्हणतात.

कसोटीतला माणूस ठरलेला आहे. बेताची समज असलेला, फार बारकाईने न बघणारा आणि मूळ चिन्ह पुसटसं आठवणारा ग्राहक. 1962 च्या अमृतधारा विरुद्ध लक्ष्मणधारा या निकालापासून हाच ग्राहक कोर्टात वावरतो आहे. त्याच्यासमोर दोन्ही बाटल्या कधीच एकत्र नसतात. एक त्याच्या डोक्यात असते, एक समोरच्या फळीवर.

म्हणून शेजारी ठेवून फरक मोजणं चूक. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या विलेपार्ल्याच्या बिस्किटांचंच आहे. पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या नोंदलेल्या वेष्टनावर शेतघराचं आवार होतं, मधोमध पाण्याचं भांडं घेतलेली मुलगी, भोवती गाई आणि कोंबड्या. म्हैसूरच्या एका कंपनीने तशाच आकाराचं, जवळपास त्याच रंगांचं वेष्टन काढलं. त्यांच्या मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा, बाजूला गाय आणि वासरू. खालच्या कोर्टांनी चित्रांतले फरक एकेक करून मोजले आणि दावा फेटाळला. सुप्रीम कोर्टाने 1972 मध्ये ते उलटवलं. चित्रात कोंबड्या होत्या की वासरू होतं, भांडं होतं की भारा, हे बिस्किटं घेणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहतो एकूण ठसा, आणि तो सारखा होता. वेष्टनाचं डिझाइन करून घेताना डिझायनरला ‘अमक्यासारखं कर, पण चार गोष्टी बदल’ असं सांगणाऱ्यांनी हा निकाल मुळातून वाचावा.

शिवणाच्या दोऱ्याचा खटलाही असाच. 1953 चा. जेम्स चॅडविक कंपनीच्या दोऱ्यावर गरुडाचं चित्र. दुसऱ्या कंपनीने आधी ‘ईगल’ नाव वापरलं, हरकत आल्यावर नाव ‘व्हल्चर’ केलं, पक्षी मात्र जवळपास तोच ठेवला. नोंदणी नाकारली गेली. गरुड आणि गिधाड यांतला फरक पक्षीनिरीक्षकाला कळतो, दोऱ्याचं रीळ घेणाऱ्याला त्याच्याशी देणंघेणं नाही.

नावांच्या बाबतीत कानाचं वजन डोळ्याइतकंच असतं, मुंबईत तर काकणभर जास्तच. इथे किराणा फोनवर सांगितला जातो. ‘दोन बाटल्या सुरंगी पाठवून द्या’ हे वाक्य गजबजलेल्या दुकानात, पंख्याच्या आणि बेस्टच्या हॉर्नच्या आवाजात पोऱ्याने ऐकायचं. सुरंगी आणि सारंगी: अक्षरं तेवढीच, व्यंजनं तीच, शेवट तोच, फरक फक्त पहिल्या अक्षराच्या स्वराचा. कोर्टं नावाच्या सुरुवातीला जास्त महत्त्व देतात, आणि सुरुवात वेगळी आहे असा युक्तिवाद लालबागवाला नक्की करेल. एक फूल आणि एक वाद्य, अर्थ निराळे, हेही तो सांगेल. पण माल तोच, दुकान तेच, किंमत त्याच आसपास, त्यामुळे माझ्या मते तो हरेल. रस्टन विरुद्ध रुस्तम या डिझेल इंजिनांच्या खटल्यात 1969 मध्ये नेमकं असंच झालं, आणि पुढे ‘इंडिया’ जोडल्यानेही प्रतिवादीची सुटका झाली नाही. रेनकोटवाल्या ‘डकबॅक’समोर ‘डॅकबॅक’ उभं राहिलं, त्याचाही निकाल 1996 मध्ये मूळ कंपनीच्याच बाजूने लागला.

औषधांना कसोटी आणखी कडक. कॅडिलाच्या 2001 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं आहे की औषधाच्या नावातला गोंधळ जिवावर बेतू शकतो, त्यामुळे डॉक्टर लिहून देतात, केमिस्ट शिकलेला असतो, या सबबी पुरेशा नाहीत. डॉक्टरांचं अक्षर सगळ्यांनाच माहीत आहे.

मालाचं काय? वर्ग वेगळा म्हणजे सुटका, असा एक गोड गैरसमज आहे. वर्ग ही रजिस्ट्रीची सोय आहे, गोंधळ होतो की नाही हे वर्गावरून ठरत नाही. लोणचं वर्ग 29 मध्ये, मसाला 30 मध्ये, सरबत 32 मध्ये. पण तिन्ही एकाच गृहउद्योगातून येतात आणि एकाच फळीवर बसतात. 1959 मध्ये ग्लुकोव्हिटा (ग्लुकोज पावडर) आणि ग्लुव्हिटा (बिस्किटं) यांच्यात सुप्रीम कोर्टाने असाच धंद्याचा संबंध पाहिला होता. तो नोंदणीचा वाद होता, पण विचार इथेही तोच लागतो.

संबंधच नसलेला माल असेल, म्हणजे ‘सुरंगी’ नावाचे टायर आले, तर कलम 29(4) लागतं. पण त्याची अट मोठी आहे: मूळ चिन्हाला भारतात नावलौकिक हवा, आणि समोरचा सबळ कारण नसताना त्याचा गैरफायदा घेत असला पाहिजे किंवा त्याला बट्टा लावत असला पाहिजे. घड्याळांच्या रोलेक्सने नकली दागिने विकणाऱ्याला दिल्ली हायकोर्टात 2009 मध्ये याच वाटेने अडवलं. दादरच्या दोन वर्षांच्या सरबताला ही वाट मिळणार नाही.

दुकानाच्या पाटीबद्दल थोडक्यात. तुमचं नोंदलेलं चिन्ह कोणी त्याच मालाच्या धंद्यात दुकानाचं किंवा कंपनीचं नाव म्हणून लावलं तर कलम 29(5) आहे. ‘पण माझ्याकडे गुमास्ता आहे, जीएसटी आहे, एफएसएसएआय आहे, कंपनी रजिस्ट्रारने नाव मंजूर केलंय’ ही यादी ऐकवणारे भेटतात. यांपैकी एकही कागद ब्रँडच्या नावावर हक्क देत नाही.

काय उल्लंघन नव्हे

वर्णन करणारे शब्द कोणालाही वापरता येतात, प्रामाणिकपणे वापरले तर. कलम 30 आणि 35 त्यासाठीच आहेत. मुंबईच्या मॅरिकोने तेल कमी शोषलं जातं या अर्थाचं ‘लोसॉर्ब’ नोंदवलं होतं. दुसऱ्या तेलाच्या पाकिटावर ‘लो अ‍ॅब्सॉर्ब’ आलं तेव्हा दिल्ली हायकोर्टाने 2010 मध्ये मनाई द्यायला नकार दिला. वर्णनाला जरासा मुरडा घालून ब्रँड करणाऱ्यांची ही कायमची दुखरी नस. ‘झणझणीत’, ‘कुरकुरीत’, ‘घरगुती’ अशी नावं घेऊन येणाऱ्यांना म्हणूनच परत पाठवावंसं वाटतं. नाव जितकं मालाचं वर्णन करणारं, तितकं ते राखणं अवघड.

स्वतःचं नाव किंवा आडनाव वापरणंही कलम 35 मध्ये बसतं, पण ‘प्रामाणिकपणे’ हा शब्द तिथे जड आहे. वाटण्या झालेल्या घराण्यांत या एका शब्दावर वर्षानुवर्षं खटले चालतात. धाकट्या पातीने आडनाव लावलं यापेक्षा, ते थोरल्यांच्या अक्षरवळणात आणि रंगात लावलं का, हे कोर्ट बघतं.

सुटे भाग विकणाऱ्यांसाठी कलम 30(2)(ड) आहे. तुमचा भाग अमुक यंत्राला बसतो हे सांगण्यासाठी त्या यंत्राचं नाव घेणं वाजवी गरजेचं असेल तर ते चालतं. ‘वाजवी गरज’ म्हणजे काय, हे हॉकिन्सच्या खटल्यात दिसलं. प्रेशर कुकरच्या गॅस्केटच्या पाकिटावर विक्रेत्याने हॉकिन्सचं नाव नजरेत भरेल असं छापलं होतं. दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने 2012 मध्ये म्हटलं की असं गॅस्केट त्या मापाच्या कुठल्याही कुकरला बसतं, मग एकाच कंपनीचं नाव उठावदार छापायची गरज काय? धडा साधा आहे: आपला ब्रँड मोठा छापा, ‘अमक्या मॉडेलला बसतं’ हे लहान, साध्या टाइपात, त्यांचा लोगो न वापरता.

क्रॉफर्ड मार्केट आणि मुसाफिरखान्याच्या परिसरात आयात माल विकणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. अस्सल माल परदेशातून कायदेशीरपणे विकत घेऊन, अधिकृत वितरकाला वळसा घालून इथे विकला तर? सॅमसंगच्या प्रिंटरच्या खटल्यात दिल्लीच्या खंडपीठाने 2012 मध्ये अशा आयातीला परवानगी दिली, मात्र माल असा आणलेला आहे आणि वॉरंटी मूळ कंपनीची नाही हे दुकानात ठळक लिहायला लावलं. माल उघडून बदलला, कालबाह्य तारीख खोडली, डबा बदलला, की कलम 30(4) आडवं येतं. आणि माल मुळात नकली असेल तर ही चर्चाच नको.

सगळ्यात भक्कम ढाल मात्र आधीच्या वापराची, कलम 34. लालबागवाला जर दादरच्या अर्जाच्याही आधीपासून आणि दादरच्या पहिल्या विक्रीच्याही आधीपासून ‘सारंगी’ सतत विकत असेल, तर सर्टिफिकेट दाखवून त्याला थांबवता येत नाही. सय्यद मोहिदीनच्या 2015 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलं आहे की आधीच्या वापरकर्त्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ. म्हणून पहिली बिलं, पहिल्या लेबलाचा प्रूफ, पहिल्या जाहिरातीचं कात्रण कधी फेकू नका. धंदा चालू झाला की लोक जुनी बिलबुकं रद्दीत देतात आणि मग पंधरा वर्षांनी शोधत बसतात.

ऑनलाइनचा एकच मुद्दा सांगतो. प्रतिस्पर्ध्याचं नाव गुगलवर कीवर्ड म्हणून विकत घेणं, म्हणजे ते नाव शोधणाऱ्याला आपली जाहिरात दिसेल अशी सोय करणं, हा दिल्ली हायकोर्टाच्या 2023 च्या निकालानुसार ‘वापर’ आहे, पण तेवढ्याने उल्लंघन होत नाही. जाहिरात वाचून ग्राहकाचा गोंधळ झाला, तर होतं.

उल्लंघन दिसलं तर

पहिलं काम खरेदी. समोरच्याचा माल दुकानातून पक्क्या बिलावर घ्या, दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून. बिलावर ब्रँडचं नाव यायला हवं. नुसतं ‘सरबत 2 नग’ असं बिल निरुपयोगी. पाकीट न फोडता ठेवा. बॅच नंबर, पॅकिंगची तारीख आणि उत्पादकाचा पत्ता वाचता येईल असे फोटो काढा. वेबसाइट किंवा इन्स्टाग्रामचे स्क्रीनशॉट असतील तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट सोबत लागतं. आपल्या बाजूने वर्षनिहाय विक्री आणि जाहिरात खर्चाचा सीएचा दाखला तयार ठेवा.

त्याच दिवशी रजिस्ट्रीच्या साइटवर समोरच्याचा अर्ज शोधा, नावाच्या सगळ्या संभाव्य स्पेलिंगांनी. तो अर्ज रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला असेल तर प्रसिद्धीपासून 4 महिन्यांत विरोध दाखल करता येतो, ऑनलाइन फी एका वर्गाला 2,700 रुपये. ही मुदत चुकवली आणि त्याची नोंदणी झाली, की मामला गुंतागुंतीचा होतो. कलम 28(3) मुळे दोन नोंदणीधारक एकमेकांवर उल्लंघनाचा दावा करू शकत नाहीत. मग पासिंग ऑफ आणि त्याची नोंदणी रद्द करायचा अर्ज, असे दोन रस्ते चालावे लागतात.

नोटीस पाठवायची की थेट कोर्टात जायचं, हा निर्णय समोरचा कोण आहे त्यावर घ्यावा. पत्ता असलेला, चालू धंदा असलेला माणूस बऱ्याचदा नोटिशीवर नाव बदलतो. नकली माल विकणारा मात्र नोटीस मिळाल्याच्या रात्रीच गोदाम रिकामं करतो. आणि पोकळ धमकीची नोटीस पाठवू नका; नोंदणी नसताना किंवा हक्क नसताना खटल्याची धमकी दिली तर कलम 142 खाली समोरचाच तुमच्यावर दावा करू शकतो.

दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही. कलम 134 ची मोठी सवलत अशी की नोंदणीधारक आपल्या धंद्याच्या ठिकाणी दावा लावू शकतो, उल्लंघन करणारा सुरतेत बसलेला असला तरी. पासिंग ऑफला ही सवलत नाही. व्यापारी दाव्यांत आधी मध्यस्थी सक्तीची असते, तातडीचा मनाई हुकूम मागितला असेल तर त्यातून सूट मिळते. पण सहा महिने गप्प बसून मग ‘तातडी’ म्हणणाऱ्याकडे न्यायाधीश कसे बघतात, हे सांगायला नको. उशिराने दावा मरत नाही. ‘लक्ष्मण रेखा’ खडूच्या 2004 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने तेवढा दिलासा दिला आहे. माहीत असून सलग 5 वर्षं चालू दिलं आणि समोरच्याचं चिन्ह नोंदलेलं असलं, तर मात्र कलम 33 खाली हात बांधले जातात.

मुंबई हायकोर्टाचं एक वैशिष्ट्य म्हणजे कोर्ट रिसिव्हर, वादातला माल कोर्टाच्या वतीने ताब्यात घेणारा अधिकारी. एकतर्फी, म्हणजे समोरच्याला न कळवता दिलेला, हुकूम मिळाला की रिसिव्हरचे प्रतिनिधी गोदामात जाऊन मालाची यादी करतात, सील लावतात, पंचनामा होतो. इथे पत्ता अचूक हवा. ‘मस्जिद बंदर, दुसरा माळा’ एवढ्यावर काही होत नाही. गाळा क्रमांक, जिना, शटरचा फोटो द्यावा लागतो.

पोलिसांकडे जाण्याबद्दल. कलम 103 खाली 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड आहे. पण कलम 115(4) नुसार धाड घालणारा अधिकारी किमान उपअधीक्षक दर्जाचा हवा, आणि त्याने आधी रजिस्ट्रारचं मत घ्यायचं असतं. तेवढ्यात माल हलतो. म्हणून अनुभवी लोक लेबलाच्या कलाकृतीचा कॉपीराइटही नोंदवून ठेवतात, कारण कॉपीराइट कायद्याच्या कलम 64 खाली उपनिरीक्षकही माल जप्त करू शकतो. त्या नोंदणीसाठी ट्रेडमार्क रजिस्ट्रीचा शोध-दाखला आधी काढावा लागतो, तेव्हा हे काम भांडण सुरू होण्यापूर्वीच उरकलेलं बरं.

बहुतेक वाद शेवटी संमतीच्या अटींवर मिटतात, आणि तिथेच घाई नडते. ‘यापुढे वापरणार नाही’ एवढं लिहून घेऊन लोक उठतात. उरलेला माल किती आहे, तो कुठल्या तारखेपर्यंत विकायचा की नष्ट करायचा, डिस्ट्रिब्युटरकडे गेलेला परत मागवायचा का, वेबसाइटचं डोमेन आणि इन्स्टाग्रामचं हँडल कोणाकडे जाणार, प्रलंबित अर्ज कधी मागे घेणार, हे सगळं तारखांसकट लिहून घ्यावं. पाऊच ग्रॅव्ह्युअरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने, छापलेले असतील तर प्रत्येक रंगाचा एक सिलिंडर असतो आणि तो छापखान्यात पडून राहतो. ते सिलिंडर मोजून ताब्यात घ्या, नाहीतर तेच पाऊच पुढच्या सीझनला दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने छापून येतात.